सात फुल्या, चूक एकच



थंडी सुरू झाली की आमच्या घरात दोन गोष्टी बाहेर निघतात. एक म्हणजे पेटीतल्या गोधड्या आणि दुसरी माझी लोकरीची पिशवी. आम्ही निफाड भागात राहतो. इथली थंडी तुम्ही बातम्यांत ऐकलीच असेल. डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो. द्राक्षांना इजा होऊ नये म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. आमचीही थोडी बाग आहे. त्यामुळे यांच्यासाठी कानटोपी, सासऱ्यांसाठी मफलर आणि लेकीसाठी टोपी हे माझं दरवर्षीचं काम ठरलेलं.

डी.एड.ला कार्यानुभवाच्या तासाला मी क्रोशा शिकले. तेव्हा एक तोरण केलं होतं, जेमतेम गुणांपुरतं. खरी गोडी लागली ती लग्नानंतर. रविवारी संध्याकाळी सगळं आवरलं की मी ओट्यावर चहा ठेवते आणि सुई हातात घेते.

चहाचीही एक गंमत सांगते. आमच्या सासूबाईंचा चहा म्हणजे आलं, गवती चहा, भरपूर दूध आणि खळखळून उकळी. गेल्या वर्षी माझा भाऊ दार्जिलिंगला फिरायला गेला आणि तिथून पत्तीचा चहा घेऊन आला. दार्जिलिंग चहा हे भारतात भौगोलिक मानांकन मिळालेलं पहिलं उत्पादन, २००४-०५ सालचं. हे मला माहीत होतं, पण तो करायचा कसा ते माहीत नव्हतं. मी पहिल्यांदा तो आपल्या पद्धतीने दूध घालून उकळला आणि पार वाया घालवला. मग भावाने फोनवर सांगितलं, "ताई, पाणी उकळून गॅस बंद कर. कपाला लहान चमचाभर पत्ती टाक, झाकण ठेव, ३ ते ४ मिनिटांनी गाळ. जास्त ठेवलास तर कडू होईल." आपला नेहमीचा दाणेदार चहा उकळी सोसतो, ही पत्ती नाही सोसत. सासूबाई अजूनही त्याला "रंगीत पाणी" म्हणतात, पण मला तो आवडायला लागला. झाकण ठेवून टोपीचा एक छोटा फेर विणला की चहा तयार.

आता त्या रविवारची गोष्ट. मी लेकीची टोपी विणत होते. ज्यांना क्रोशा येतो त्यांना हिशेब माहीत आहे. मधल्या कड्यात १२ खांब घालायचे. दुसऱ्या फेरात प्रत्येक खांबावर दोन, म्हणजे २४. तिसऱ्या फेरात एकावर एक, पुढच्यावर दोन, म्हणजे ३६. पुढे ४८, मग ६०. लेकीच्या डोक्याचा घेर ५१ सेंटीमीटर. लोकर ताणते म्हणून टोपी चार-पाच सेंटीमीटर लहान ठेवायची. जाड लोकर आणि ५ मिलिमीटरची सुई घेतली तर तिला ६० खांब पुरतात. त्यानंतर वाढवायचं नाही, सरळ विणत खाली यायचं.

चहावर झाकण ठेवलं आणि पाचवा फेर संपवला, तर गोल सपाट बसेना. कडेला झालर आल्यासारखी लाट दिसायला लागली. मोजले तर ७० खांब! एकेक फेर मागे मोजत गेले. चौथ्यात ५६, तिसऱ्यात ४२. सापडलं. सासूबाईंशी बोलता बोलता तिसऱ्या फेराच्या अर्ध्या भागात मी प्रत्येक खांबावर दोन-दोन घातले होते. पुढचे दोन्ही फेर अगदी नियमाने विणले होते, पण मुळात चुकलेल्या फेरावर. मी धागा ओढला आणि उसवायला सुरुवात केली.

लेक शेजारी बसून बघत होती. ती आमच्याच शाळेत चौथीत आहे, दुसऱ्या बाईंच्या वर्गात. ती म्हणाली, "आई, एवढं सगळं उसवतेस? तुला राग नाही आला?"

मी सहज म्हणाले, "लोकरीवर कसला राग, बाळा? कुठं चुकलं ते शोधायचं आणि तिथपर्यंत उसवायचं."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "मग माझ्या वहीवर का येतो?"

खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही. आपण शिक्षक लोक वर्गातल्या चाळीस मुलांशी धीराने वागतो आणि घरी स्वतःच्या लेकराला "बाईंची मुलगी असून तुला येत नाही?" असं म्हणून मोकळे होतो. मीही म्हटलेलं आहे, एकदा नाही, अनेकदा.

ती उठून आत गेली आणि दप्तराच्या तळातून चौघडी केलेला कागद घेऊन आली. चार दिवसांपूर्वीचा चाचणीचा पेपर होता. तिने तो मला दाखवलाच नव्हता. बाराच्या पाढ्यावर सात लाल फुल्या होत्या. तोंडावर आलेलं वाक्य मी कसंबसं गिळलं. हातात उसवलेली लोकर होती म्हणूनच गिळलं असेल. मी म्हटलं, "चल, आपण हाही मोजत मागे जाऊ."

तिने लिहिलं होतं: १२, २४, ३४, ४६, ५८, ७०, ८२, ९४, १०६ आणि शेवटी १२०. तुम्हीही जरा बघा. तिसऱ्या ओळीत ३६ च्या जागी ३४ आलं. त्यापुढे तिने प्रत्येक वेळी १२ बरोबर मिळवले. एकदाही चुकली नाही. बारा दाहे एकशेवीस पाठ होतं म्हणून शेवट बरोबर आला. म्हणजे फुल्या सात, पण चूक एकच. तीही माझ्या टोपीसारखी, तिसऱ्याच ओळीत.

तपासणाऱ्या बाईंना मी दोष देत नाही. मीही असंच तपासते. उत्तर चूक की फुली, पुढचं चूक की पुढची फुली. चाळीस पेपर आणि रात्रीचे दहा वाजलेले असतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण सात फुल्या बघून माझ्या लेकीने स्वतःबद्दल काय ठरवलं? "मला बाराचा पाढा येत नाही." आणि तो कागद आईपासून लपवला. पाढा आज ना उद्या आला असता. पण लेकरू चूक लपवायला शिकलं, याची मला जास्त भीती वाटली.

मग आम्ही टोपी पुन्हा विणली. ती बोट ठेवून खांब मोजत होती आणि मी विणत होते. बारा, चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस, साठ. साठला गोल सपाट बसला आणि तीच ओरडली, "आई, आता बरोबर आहे!" या गडबडीत चहा झाकणाखाली तसाच राहिला आणि कडू झाला. सासूबाईंनी लगेच आल्याचा चहा टाकला. तोच प्यायलो सगळ्यांनी.

त्यानंतर मी वर्गात एक बदल केला आहे. गणितात एकाखाली एक उत्तरं चुकलेली दिसली की पहिल्या चुकीच्या उत्तराखाली फक्त पेन्सिलीने ठिपका देते आणि मुलाला म्हणते, "इथपर्यंत उसव." मुलं हसतात, पण नेमकी तिथूनच पुन्हा सुरुवात करतात. वेळ लागतो, हे कबूल. रोज सगळ्या वह्यांना जमत नाही. घरीही अजून कधीतरी माझा आवाज चढतो. पण आता लेक माझ्यासमोर लोकरीचा गुंडा आणून ठेवते आणि काही बोलत नाही. मला कळतं.

पालकहो, तुमच्या मुलाचा पुढचा पेपर हातात येईल तेव्हा फुल्या मोजण्याआधी पहिली चूक कुठं झाली तेवढी शोधा. मुलाला शेजारी बसवून शोधा. आणि तो कागद त्याने स्वतःहून दाखवला असेल, तर आधी त्याबद्दल त्याला शाबासकी द्या.

लेकीची टोपी आता सासऱ्यांच्या मफलरआधीच तयार झाली आहे. मफलर अजून सुईवरच आहे. त्याच्या पहिल्या साखळ्या लेकीने घातल्यात, थोड्या सैल, थोड्या घट्ट. त्या मात्र मी उसवणार नाही.