वाचलेली रक्कम कोणाच्या नावे?

बँकेच्या नोकरीत छत्तीस वर्षे काढल्यावर एक सवय जडते. कुठे रक्कम जमा दिसली, की ती कोणाच्या नावे पडली हे पाहिल्यावाचून चैन पडत नाही. गेल्या पावसाळ्यात या सवयीने मला एका वेगळ्याच हिशेबापाशी आणून सोडले.

माझ्या चुलतभावाचे उल्हासनगरला कापडाचे दुकान आहे. तेथील दिवाणजी तीस वर्षांपासूनचे, अंबरनाथला चाळीत राहणारे. एका पहाटे ते मोरीत घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. मुलाने त्यांना एका सरकारी रुग्णालयात नेले. तेथील तरुण डॉक्टरांनी आस्थेने तपासले, एक्स-रे काढला आणि खिन्नपणे सांगितले, "हाडांच्या डॉक्टरांची जागा रिकामी आहे. ऑपरेशन कधी होईल सांगता येत नाही. तुम्ही थांबू नका." संध्याकाळी दिवाणजी एका खासगी नर्सिंग होममध्ये दाखल झाले.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. सात दिवसांचे बिल मात्र दोन लाखांच्या पुढे गेले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कार्ड मुलाच्या खिशात होते. पण ते नर्सिंग होम योजनेत समाविष्ट नव्हते. तेथील डॉक्टर मला म्हणाले, "योजनेचे दर परवडत नाहीत आणि पैसे यायला महिने लागतात. नर्सेसचा पगार मला वेळेवरच द्यावा लागतो." त्यांचे म्हणणे मला खोटे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी दिवाणजींचा मुलगा आपल्या लेकीच्या लग्नासाठी ठेवलेली पावती घेऊन माझ्याकडे आला. "काका, ही मुदतीआधी मोडली तर व्याज किती कापतील?"

हा प्रश्न मी काउंटरमागून किती वेळा ऐकला होता! अर्जात कारण 'घरगुती अडचण' असे. काखेत रुग्णालयाची फाईल असे. मी व्याजाचा हिशेब करून देत असे आणि पुढच्या ग्राहकाला बोलावीत असे.

सरकारी आरोग्यखर्चातील कपात क्वचितच 'कपात' म्हणून जाहीर होते. पद मंजूर असते, भरलेले नसते. यंत्र येते, चालवणारा येत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर कर्ज मंजूर, उचल नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. त्या वर्षी देशातील आरोग्यावरच्या प्रत्येक १०० रुपयांपैकी ३९ रुपये लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. २०१४-१५ मध्ये हाच आकडा ६२ च्या पुढे होता, म्हणजे सुधारणा झाली हे मान्य केले पाहिजे. पण ज्याचे हाड आज मोडले, त्याला सरासरी कामाची नाही.

आपल्या भागात तर उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयावर कर्जत-कसाऱ्यापासूनचे रुग्ण येतात आणि अंबरनाथ-बदलापुरात दरवर्षी नव्या इमारती उभ्या राहतात. अशा वेळी एक पद रिकामे राहिले की शासनाचा पगार वाचतो. ती वाचलेली रक्कम नाहीशी होत नाही. ती दिवाणजींच्या नावे पडते.

आपल्या समाजात औषधदानाला मोठे स्थान आहे. आपण नेत्रशिबिरे भरवतो, रुग्णालयांना देणग्या देतो. पण आपल्याच पेढीवर तीस वर्षे बसलेल्या माणसाच्या आजारपणाची तरतूद काय, हे भावाने कधी पाहिले नव्हते आणि मीही त्याला कधी विचारले नव्हते. त्याने निम्मे बिल भरले. पण ती उशिराची भरपाई होती.

दिवाळीत आम्ही दोघांनी बसून एक तक्ता केला. प्रत्येक नोकराच्या घरी योजनेचे कार्ड आहे का, सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांचे आयुष्मान कार्ड काढले का, योजनेतील जवळची रुग्णालये कोणती. तो कागद आता गल्ल्याशेजारी भिंतीवर आहे. आणखी एक गोष्ट आपल्या हाती आहे. पै-पैचा हिशेब विचारणारे आपण व्यापारी. मत मागायला येणाऱ्यांना इतके तरी विचारावे, की आमच्या रुग्णालयातील किती पदे रिकामी आहेत आणि ती कधी भरणार?

दिवाणजी आता काठी टेकत दुपारपर्यंत दुकानात बसतात. नातीच्या लग्नाची पावती मात्र अजून पुन्हा झालेली नाही.