सुताची हवा

मुंबईच्या दमट हवेला नावे ठेवण्यात आम्हां मुंबईकरांची हयात जाते. पापड सादळतात, पुस्तकांना बुरशी येते, दिवाळीच्या चकल्या डब्यात भरीपर्यंत नरम पडतात. पण या हवेच्या बाजूने बोलणारा एक साक्षीदार मला घरातच मिळाला. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत विणाई खात्यात होते. ते म्हणतात, ‘‘हवा सुकली की सूत रुसतं.’’

हे रुसणे म्हणजे काय, ते भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्याने चहा पिता पिता मला समजावून दिले. (मराठीच्या प्राध्यापकाला शिकवायचे म्हटले की विज्ञानवाल्यांना कोण उत्साह!) घर्षणाने विद्युतभार दमट हवेतही निर्माण होतो, पण वस्तूच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर असला, तर तो साचण्यापूर्वीच निसटून जातो. हवा कोरडी झाली की ही वाट बंद. मग धागे एकमेकांना दूर लोटतात, पिंजलेला कापूस रुळांना चिकटतो, पेळू तुटतो. १८५६ साली ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी सुरू झाली, तेव्हा समुद्राची हवाही जणू बिनपगारी कामाला लागली.

दिवाळीनंतर जमिनीवरचे वारे सुटले की ती कामचुकारपणा करी. मग खात्यात पाण्याचे फवारे सोडीत, खिडक्या बंद ठेवीत. विणाईला आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास लागे. सुताला ती मानवे. माणसाला मानवते का, हे कोण विचारणार? रात्रपाळी संपली की वडील चिंब अंगाने, केसांत कापसाचे तंतू घेऊन सकाळच्या गारठ्यात बाहेर पडत, असे आई सांगते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात नोकरी गेली. खोकला मात्र राहिला.

आता माझा पुतण्या परळला, एका जुन्या गिरणीच्याच जागेवरील मनोऱ्यात काम करतो. वातानुकूलनाने सुकलेली हवा, पायाखाली कृत्रिम धाग्याचा गालिचा. डिसेंबरात दाराच्या मुठीला हात लावला की चट्‌दिशी ठिणगी बसते. अशी ठिणगी माणसाला जाणवायला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. भार अगदी थोडा, म्हणून इजा होत नाही. संगणकाच्या काही नाजूक भागांना मात्र शंभरेक व्होल्टही पुरतात. म्हणून यंत्रांच्या खोलीत आर्द्रता मोजूनमापून राखतात, असे तो परवा कौतुकाने सांगत होता.

वडिलांनी सारे ऐकून घेतले.

‘‘खिडक्या उघडतात का रे तिथे?’’

‘‘नाही आजोबा. काचा पक्क्या बसवल्यात.’’