सामोआला जाण्यापूर्वी

गेल्या जून महिन्यात आम्ही उभयतां प्रशांत महासागरातील सामोआ या द्वीपराष्ट्रात आठ दिवस राहून आलो. आमची कन्या व जावई न्यूझीलंडमध्ये ऑकलंड येथे वास्तव्यास आहेत. तेथून सामोआ विमानाने सुमारे चार तासांच्या अंतरावर आहे. परतल्यापासून स्नेहीजनांनी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, "तेथे आपल्यासारख्यांच्या जेवणाचे काय?" सौ.ने रात्रिभोजन व कंदमुळे वर्ज्य केल्याला आता बावीस वर्षे झाली. त्यामुळे निघण्यापूर्वी आम्हालाही हीच चिंता होती. त्या प्रश्नाचे उत्तर आणि मी स्वतः केलेल्या दोन चुका जाणाऱ्यांच्या उपयोगी पडाव्यात, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

सामोआ म्हणजे मुख्यतः दोन बेटे. उपोलू बेटावर राजधानी आपिआ, विमानतळ आणि बहुतेक वस्ती आहे. सवाईई हे बेट आकाराने मोठे, पण शांत व विरळ वस्तीचे. हा देश १ जानेवारी १९६२ रोजी न्यूझीलंडच्या प्रशासनातून स्वतंत्र झाला. शेजारचा अमेरिकन सामोआ हा अमेरिकेच्या अखत्यारीतील निराळा प्रदेश असून तेथील प्रवेशाचे नियमही निराळे आहेत. तिकीट काढताना ही गल्लत होऊ देऊ नये.

या दोन शेजाऱ्यांत अंतर थोडे असले, तरी दिनदर्शिकेत पूर्ण एका दिवसाचा फरक आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडशी व्यापार सुकर व्हावा म्हणून सामोआने २०११ साली आंतरराष्ट्रीय वाररेषेची आपली बाजू बदलली. गुरुवार, २९ डिसेंबरनंतर तेथे थेट शनिवार, ३१ डिसेंबर उजाडला. मधला शुक्रवार आलाच नाही. ही हकीकत ऐकताच माझ्यासारख्या निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या मनात पहिला विचार आला तो त्या दिवसाच्या व्याजाचा! नोकरवर्गाला मात्र न उगवलेल्या दिवसाचा पगार मिळाला होता. प्रवाशाने लक्षात ठेवायचे ते इतकेच की सामोआचे घड्याळ भारताच्या साडेसात तास पुढे आहे. तिथी पाहून उपवास करणाऱ्यांनी कोणत्या गणनेने चालायचे, ते घरूनच ठरवून निघावे.

आता कागदपत्रांविषयी. पर्यटनासाठी जाणाऱ्या भारतीयास सामोआचा व्हिसा आधी काढावा लागत नाही. विमानतळावरच अभ्यागत परवाना मिळतो. त्यासाठी किमान सहा महिने वैध पासपोर्ट आणि परतीचे तिकीट जवळ हवे. खरी अडचण वाटेवर येते. ऑकलंड किंवा सिडनीमार्गे जाताना केवळ विमान बदलायचे असले, तरी भारतीयांना त्या देशाचा व्हिसा लागतो. आमच्याप्रमाणे न्यूझीलंडमध्ये राहून पुढे जाऊन परत येणाऱ्यांचा व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा असला पाहिजे. आमच्या प्रवास सल्लागाराने अर्जात ही बाब विचारातच घेतली नव्हती. जावयाच्या वेळीच ध्यानात आले, म्हणून निभावले. फिजीतील नांदीमार्गेही जाता येते. तेथे भारतीय वंशाची मोठी वस्ती असल्याने डाळ, पीठ, मसाले सहज मिळतात. नियम बदलत असतात. तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी ते स्वतः वाचावेत.

मे ते ऑक्टोबर हा तेथील कोरडा व सुखद काळ. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस जोराचा असतो आणि चक्रीवादळांचेही भय असते. चातुर्मासात प्रवास टाळणाऱ्या कुटुंबांना मे व जून हे महिने सर्वांत सोयीचे. डासांपासून बचावाचे मलम विसरू नये. पाणी उकळून व गाळून पिण्याची आपली सवय तेथेही सोडू नये. विजेचे सॉकेट ऑस्ट्रेलियाप्रमाणे तिरप्या चपट्या पिनांचे असते, म्हणून अडॅप्टर जवळ ठेवावा. वाहने २००९ पासून आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. गाडी भाड्याने घेतल्यास तेथील तात्पुरता परवाना काढावा लागतो.

चलनाचे नाव ताला. एक ताला म्हणजे साधारण तीस रुपयांच्या आसपास. आपला रुपया तेथे चालत नाही. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया वा अमेरिका यांपैकी कोणत्याही देशाचे डॉलर न्यावेत आणि ते आपिआतच बदलून घ्यावेत. शहराबाहेर एटीएम मोजकी आहेत आणि खेड्यांत व्यवहार रोखीचा असतो. सुट्या नोटा भरपूर ठेवाव्यात. त्या कशासाठी लागतात, ते पुढे येईलच.

जेवणाचा प्रश्न खरोखरच बिकट आहे. सामोअन लोकांच्या रोजच्या आहारात मासे, डुकराचे मांस, कोंबडी आणि तारो असतो. तारो म्हणजे अळूचाच कंद, तेव्हा तो आपल्याला वर्ज्य. अळूची पाने नारळाच्या घट्ट दुधात शिजवून 'पालुसामी' नावाचा पदार्थ करतात. तो शाकाहारी वाटतो, परंतु त्यात बहुधा कांदा आणि कधी डबाबंद मांसही घालतात. विचारल्याशिवाय घेऊ नये. केळी, पपई, नारळ मुबलक आहेत. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचे फळ म्हणजे 'उलू'. हाच आपल्या कोकण-गोव्यातील नीरफणस! झाडावर लागणारा, पोटभरीचा आणि निखाऱ्यावर भाजला की पावासारखा लागणारा.

खाकरा, भाजके पोहे, मूगडाळ, मेतकूट असा शिधा आम्ही बरोबर नेला होता. न्यूझीलंडमध्ये उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू आगमनपत्रात नमूद करावी. लपवलेली वस्तू सापडल्यास जागेवरच ४०० डॉलर दंड होतो. नमूद केलेल्या, कारखान्यात बंद केलेल्या व लेबल असलेल्या कोरड्या वस्तू आमच्याकडे तपासून परत दिल्या गेल्या.

शनिवारी दुपारी आम्ही मुलिफानुआ बंदरातून बोटीने सवाईईला गेलो. प्रवास तासा-सव्वा तासाचा. उत्तर किनाऱ्यावरील एका गावी 'फाले'त उतरलो. फाले म्हणजे खांबांवर छप्पर असलेली, भिंती नसलेली झोपडी. वाऱ्यापावसासाठी झापांचे पडदे सोडतात. भाड्यात सकाळचा नाश्ता व रात्रीचे जेवण धरलेले असते, पण जेवण वाढायची वेळ सूर्यास्तानंतरची. सौ.ने यजमानीण बाईंना आपला नियम सांगितला. त्यांनी कारण विचारले, शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे तुमची ताट पाच वाजता."

जेवण आटोपून मी एकटाच गावात फेरफटका मारायला निघालो. एवढ्यात शंख वाजला. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या दोन तरुणांनी हात वर करून मला थांबवले. हे काहीतरी शुल्क मागत असावेत असे वाटून मी पाकीट काढले आणि दहा तालांची नोट पुढे केली. त्यांनी माना हलवल्या व खाली बसण्याची खूण केली. ती वेळ होती 'सा'ची. अनेक गावांत सूर्यास्ताच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटे सर्व कुटुंबे घरात बसून प्रार्थना करतात. तोवर रस्त्याने चालू नये, वाहनही थांबवावे, असा दंडक आहे. दुसरा शंख होईपर्यंत मी हातात नोट धरून एका दगडावर बसून राहिलो. घराघरांतून गाण्याचे सूर येत होते आणि मला त्या नोटेची अतिशय लाज वाटत होती. परत आलो तेव्हा सौ. फालेत डोळे मिटून सामायिकात बसली होती. तिला कोणी थांबवावे लागले नव्हते.

दुसरा दिवस रविवार. रविवारी दुकाने बहुतेक बंद, वाहने तुरळक आणि सारा गाव शुभ्र वस्त्रांत चर्चला. शनिवारीच लागेल ते घेऊन ठेवावे. चर्चनंतर कुटुंबाचे मोठे भोजन असते, त्याचे आम्हाला आमंत्रण आले. तापवलेल्या दगडांच्या 'उमू' भट्टीत मांस, मासे व तारो सारे एकत्रच भाजतात. त्या भट्टीतील काहीही सौ.ला चालणार नव्हते, आणि नाही म्हणावे तर यजमानांचा अवमान. आम्ही संकोचत गेलो, तो अंगणाच्या दुसऱ्या टोकाला करवंट्यांचा निराळा जाळ पेटलेला. त्यावर केवळ दोन नीरफणस. बाईंनी ते स्वतः सोलले, केळीच्या पानावर ठेवले आणि नुकत्याच खवलेल्या नारळाचे दूध वेगळ्या वाटीत दिले. सौ.चे डोळे भरून आले.

निघताना मी दुसरी चूक केली. बिलाच्या रकमेत त्या भोजनाचे म्हणून पन्नास ताला अधिक ठेवले. बाईंनी नोटा मोजल्या, खोलीभाड्याच्या तेवढ्या घेतल्या व उरलेल्या माझ्यासमोर सारल्या. "रविवारी तुम्ही आमचे पाहुणे होता," एवढेच म्हणाल्या. सौ.ने पिशवीतून सुक्या मेव्याचा बंद डबा काढून दिला, तो मात्र त्यांनी हसून घेतला.

ताला कोठे द्यायचे, याचाही तेथे काटेकोर रिवाज आहे. देशातील सुमारे ८० टक्के जमीन कुळांच्या सामाईक मालकीची असून ती विकता येत नाही. समुद्रकिनारा, धबधबा, गुहा यांपैकी प्रत्येक स्थळ कोणत्या तरी कुटुंबाचे वा गावाचे असते. जाण्यापूर्वी विचारावे व ठरलेले शुल्क द्यावे. ते बहुधा पाच-दहा ताला असते. सुट्या नोटा लागतात त्या येथे. त्यात घासाघीस करू नये. परवानगीशिवाय फळ तोडू नये किंवा अंगणातून वाट काढू नये.

वागणुकीचे इतर नियम आपल्याला परके वाटणार नाहीत. घरात पादत्राणे काढून जावे. मांडी घालून बसावे, कोणाकडे पाय पसरू नयेत. वडीलधारे बसलेले असताना उभ्याने बोलू नये. बसलेल्यांसमोरून जावे लागल्यास वाकून 'तुलोऊ' म्हणावे. गावात खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत. साडी किंवा सलवार-कमीज उत्तम.

पाहण्यासारखे पुष्कळ आहे. सवाईईवर १९०५ ते १९११ या काळात ज्वालामुखीच्या लाव्ह्याने गावे गाडली. सालेआऊला येथे त्या लाव्ह्याने वेढलेल्या चर्चच्या भिंती आजही उभ्या आहेत. तागा गावाजवळ खडकांच्या छिद्रांतून समुद्राचे पाणी कारंज्यासारखे उंच उसळते. कडेला ओल्या खडकावर जाऊ नये. उपोलूवरील तो-सुआ हा नैसर्गिक डोह पाहावा, पण त्याची लाकडी शिडी उभी आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी वरूनच समाधान मानावे. आपिआजवळ वाइलिमा येथे स्कॉटिश लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे घर आहे. १८९४ साली त्यांचे तेथेच निधन झाले.

जाणाऱ्यांनी सामानात आणखी एक गोष्ट ठेवावी: यजमानांना देण्यासाठी घरची एखादी चांगली भेट. आम्ही नेलेला डबा योगायोगाने उरला होता, म्हणून वेळ साजरी झाली. आता कोकणातून कोणी नीरफणस आणला की सौ. त्याचे काप तळत नाही. अख्खा गॅसवर भाजते. ती चव येत नाही, असे तिचे म्हणणे आहे.