किल्ली न देता

शाळेचे कार्यक्रम गुगल कॅलेंडरमध्ये आपोआप नोंदले जावेत म्हणून आम्ही संगणक कक्षात एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. खाते मुख्याध्यापिका बाईंचे. त्यात पालकांची पत्रेही असतात. पूर्वी अशा प्रोग्रॅमला थेट पासवर्ड देता येई. ती ‘क्लायंटलॉगिन’ पद्धत २०१५ मध्ये बंद झाली. आता ‘ओऑथ २.०’ आहे. प्रोग्रॅम ब्राउझर उघडतो, बाई स्वतः लॉगिन करून संमती देतात आणि प्रोग्रॅमच्या हाती येते ते फक्त टोकन. ते साधारण तासाभर चालते. पुढचे मिळवायला ‘रिफ्रेश टोकन’ असते. परवानगी कॅलेंडरपुरतीच, त्यामुळे पत्रे बंदच राहतात. बाई ती केव्हाही काढून घेऊ शकतात. टोकनची फाइल मात्र जपावी लागते, कारण कक्षातला संगणक सर्वांचा. घराची किल्ली न देता पाहुण्याला ओसरीवर बसवावे, तसेच हे. विश्वासालाही मर्यादा आखता येते, हे आम्हाला त्यातून उमगले.