दोन बेटं आणि दीड तास

मैत्रिणींनो, दसरा-दिवाळी उलटली की आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, कडेवर तान्हं मूल, गाठोड्यात पीठ-मीठ! पण उसापायी घर सोडणं काही आजचं नाही. १८३४ पासून हिंदुस्थानातले मजूर करारावर मॉरिशसच्या मळ्यांत जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसंही होती, विशेषतः रत्नागिरीकडची. त्यांची पतवंडं आजही तिथे गणपती बसवतात, बरं का!

या मॉरिशस देशाचं आणखी एक बेट आहे, रॉड्रिग्ज. नाव एका देशाचं, पण मधे केवढा समुद्र! मॉरिशसच्या सर शिवसागर रामगुलाम विमानतळापासून पूर्वेला रॉड्रिग्जच्या प्लेन कोराय विमानतळापर्यंत सरळ रेषेत सुमारे ६०० किलोमीटर.

आता हिशेब मांडू या. या मार्गावर पंख्यांचं एटीआर विमान जातं, सत्तरेक माणसांचं. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटर धरला तर सव्वा तास पुरे. पण वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो, म्हणून धरायचा दीड तास. वारा समोरून असेल तर थोडा जास्त, पाठीशी असेल तर थोडा कमी. नाहीतर आपली एसटी! बीड ते पुणे अंतर याच्या निम्म्याहून कमी, तरी पाच-सहा तास बूड हलत नाही.

पण दीड तास झाला तो फक्त हवेतला. घरून निघणं, वेळेआधी पोचणं, सामानाचं वजन, उतरल्यावर पुन्हा गाडी, असा अर्धा दिवस सहज जातो. तुम्ही कधी मुंबईहून निघालात, तर मॉरिशसपर्यंतच सहा तासांच्या वर लागतात. घड्याळ दीड तास मागे घ्यावं लागतं. मुलंबाळं, सासूबाई सोबत असतील तर पुढचं विमान त्याच दिवशी धरू नका. एक रात्र मुक्काम करा. लहान विमानात सामानही बेताचंच चालतं, तेव्हा तिकिटावरचा वजनाचा आकडा आधी वाचा.

आपण जाणार हौसेनं. तिथल्या बाईचं तसं नाही. रॉड्रिग्जला इस्पितळ आहे, पण विशेष उपचारांसाठी रोग्याला मॉरिशसलाच न्यावं लागतं. चक्रीवादळ आलं की विमानतळ बंद! जहाजानं जावं तर एका दिवसाहून अधिक प्रवास. आपण रस्त्यातल्या खड्ड्यांना नावं ठेवतो, आणि ठेवावीतच. तरी अपरात्री कुणाला कळा सुरू झाल्या तर जीप करून अंबाजोगाई किंवा संभाजीनगर गाठता येतं. तिला आभाळ निवळण्याची वाट पाहावी लागते.

बीड शहरात पहिली प्रवासी रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. त्यामुळे अहिल्यानगर काही जवळ सरकलं नाही. जायला आणखी एक वाट झाली, एवढंच. पण अडल्या बाईला किलोमीटर विचारून काय करायचं? वाट आहे की नाही, एवढंच ती आधी विचारते.