खिडकीशी बसवलं तेव्हा

बंगळुरूतल्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हिशेबापायी एक अख्खं उड्डाण वाया गेलं. विमानातलं रडार अरबी समुद्र न्याहाळत होतं आणि पडद्यावर जिकडेतिकडे ठिपके. तेवढ्या होड्या तिथे नव्हत्याच. तो नुसता समुद्र होता. लाटांवरून परतणाऱ्या या प्रतिध्वनीला आम्ही क्लटर म्हणतो. तो रेले वितरणाप्रमाणे वागेल असं धरून मी इशाऱ्याची पातळी ठरवली होती. तो तसा वागला नाही.

आढावा बैठकीत माझ्या वरिष्ठ मॅडम म्हणाल्या, "हिशेब मी तपासला होता. चूक माझी." मी हिशेब केला त्या आठवड्यात त्या रजेवर होत्या, हे निम्म्या बैठकीला ठाऊक होतं. कुणी बोललं नाही. मीही नाही.

पुढच्या उड्डाणात त्यांनी मला पडद्यासमोरून उठवून खिडकीशी बसवलं. "तासभर फक्त पाणी बघ."

खाली लांबलचक लाटांच्या ओळी सरकत होत्या. वारा लागेल तिथे पाण्यावर शिरशिरी उठायची, पट्टा गडद व्हायचा. मध्येच एखादी लाट फुटून पांढरी व्हायची. आमच्या रडारची तरंगलांबी ३ सेंटिमीटर. उथळ कोनातून त्याला उत्तर देतात ते मुख्यतः दीडेक सेंटिमीटरचे तरंग, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण ती शिरशिरी मोठ्या लाटेच्या पाठीवर बसून चढते-उतरते, हे त्या दिवशी दिसलं.

परतल्यावर त्यांनी हातात एक झेरॉक्स ठेवली. इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या कीथ वॉर्ड यांचा १९८१ चा छोटासा लेख. त्यात समुद्र दोन थरांत मांडलेला: मिलिसेकंदांत पालटणारी चकमक, आणि तिची सरासरी कमीजास्त करणारी, सेकंद-सेकंद रेंगाळणारी लाट. रडारची वारंवारता बदलत ठेवून सरासरी घेतली की चकमक निवते. लाट निवत नाही. मी सरासरीसाठी रडारचे स्पंद वाढवत गेलो तरी ठिपके का हटले नाहीत, ते तेव्हा उमगलं. दोन्ही थर मिळून के-वितरण होतं. समासात मॅडमनी पेन्सिलीने लिहिलं होतं: 'चकमक गुणिले लाट'. आजही नवं प्रारूप मांडताना मी तिथूनच सुरुवात करतो.

त्या निवृत्त होऊन पुण्याला गेल्या. त्या बैठकीबद्दल एकदा तरी बोलावं म्हणून मुद्दाम गेलो होतो. चहा गाळताना त्यांनीच विचारलं, "उथळ कोनातले काटे बसले का रे वितरणात?"

"फुटणाऱ्या लाटांचे नाही बसत, मॅडम. शेपूट लांबच राहते."

"बघू." त्यांनी चष्मा शोधला. मी पिशवीतून आलेख काढले.