बंबातली गळती

टेंभी नाक्यावरच्या आमच्या घरातला तांब्याचा बंब आजीच्या वेळचा. नवरात्रात बाहेर देवीच्या दर्शनाची रांग लागलेली असताना मी मोरीत उकिडवा बसून त्याची गळती शोधत होतो. गार पाणी भरलं की टिपूसही नाही. निखारे धरले की गळायला सुरुवात. जांभळी नाक्यावरून नवं वॉशर आणून तोटीला बसवलं, तरी तेच. मग खाली वाकून पाहिलं. मधल्या नळीच्या सांध्यावर एक थेंब फुगायचा, लोंबायचा आणि निखाऱ्यावर चर्रकन विरायचा. बराच वेळ मी तेच पाहत राहिलो.

सांध्याला कथील-शिशाचा जुना डाख आहे. असा डाख 183 अंशांना मऊ पडू लागतो, आणि कोळशाची धग तर त्याच्या कितीतरी पुढची. तरी इतकी वर्षं तो टिकला, कारण पलीकडे पाणी होतं. उकळतं पाणी 100 अंशांपुढे जात नाही. रिकामा बंब पेटवला की आजी जिवाच्या आकांताने ओरडायची. तिला हे कुणी सांगितलं असेल?

डाख देणारा जवळपास कुणी उरलेला नाही. पुण्याच्या तांबट आळीत न्यावा म्हणतो. गिझर असताना कशाला, असं मुलगी विचारते. तिला अजून उत्तर दिलेलं नाही.